पांढरा प्लग

सुकलाल कोतकर, बँकेत कॅशियर,
लिटर न् लिटर वहीत लिहिणारा माणूस.
त्यांची बिस्किटी रंगाची फियाट
चाळीसगावात, धुळे रोडच्या आमच्या शेडपर्यंत
आली तीच खोकत.
"कन्नडना घाटमा मनी गाडी दम टाकस, भो,"
ते म्हणाले, आणि वही उघडली.
हबीब पिंजारींनी वहीकडे पाहिलं नाही.
म्हणाले, "बॉनेट उघड."

मला लागून दोन महिने झाले होते.
माझं काम: पाना देणं, चहा आणणं आणि गप्प बसणं.
पैकी तिसरं अजून जमत नव्हतं.

एप्रिलची दुपार. पत्र्यावर कावळाही टेकत नव्हता.
गाडी चालू होती, म्हणजे
उभ्या जागी वर-खाली, वर-खाली,
झोपेत कुणी श्वास विसरावा आणि मग आठवावा, तशी.
मधेच कार्बोरेटरातून फट्.
मी दचकलो.

इंजिन बंद करून उस्तादांनी चारही प्लग काढले,
जुन्या पेपरवर ओळीनं मांडले.
चारही पांढरे.
चुन्याच्या डबीत बुडवून काढल्यासारखे,
काजळीचा एक ठिपका नाही.
मला वाटलं, किती स्वच्छ!
बोलूनही गेलो.
"स्वच्छ नाहीत रे," ते म्हणाले, "उपाशी आहेत.
हवा खाऊन पोट भरतं होय कुणाचं?"

नवे प्लग लावले, गाडी पुन्हा चालू केली.
मग तेलाच्या कुपीत थोडं पेट्रोल घेऊन
कार्बोरेटरच्या बुडाशी, जोडाभोवती
एकेक थेंब सोडत गेले.
मी वाळूची बादली धरून लांब.
डावीकडे काही नाही.
मागे काही नाही.
पुढच्या कोपऱ्यात थेंब पडला
आणि आवाज एकदम भरला.
दोन सेकंद. पुन्हा रिकामा.
पुन्हा थेंब. पुन्हा भरला.
"ऐकलंस? इथून शिरतेय."

पॅकिंग निघालं ते
उन्हात विसरलेल्या बिबडीसारखं, हात लावला की तुकडा.
शीट धरून, हातोडीच्या गोल डोक्यानं
कडेकडेनं ठोकत त्यांनी नवं कापलं.
ठोकता ठोकता म्हणाले,
"आजोबा धनुकली घेऊन दारोदार हिंडायचे.
कापसात हवा भरायचे.
गादी फुगली की लोक पैसे द्यायचे.
मी हवा काढतो.
धंदा तोच."

गाडी जागेवर शांत लागली.
कोतकरांनी पाकीट काढलं.
उस्ताद म्हणाले, "आधी घाट."

तिसऱ्या वळणावर पुन्हा तेच.
पाय दाबला की बसायची.
उस्तादांनी चोक अर्धा ओढला, निघाली
माकडांच्या मधून.
चोक सोडला, बसली.
कोतकर मागच्या सीटवर, वही मांडीवर.
उस्तादांनी आरशातून विचारलं,
"जेटला कुणी हात लावला होता?"
बराच वेळ नुसता पत्र्यांचा खडखडाट.
मग, "धुळाले एकजननी झायीसन बारीक करी दिन्हा.
ॲव्हरेजसाठे.
लिटरले दोन किलोमीटर वाढनात ना."

कठड्याशी गाडी लावून जेट काढला.
मुगाएवढं पितळ.
उस्तादांनी ते आभाळाकडे धरलं, एक डोळा मिटला,
मग माझ्या हातात दिलं.
उजेड येत होता,
सुईचं टोक मावेल एवढा.
"एवढ्यातून घाट प्यायला सांगता होय तिला?"
कोतकर खाली दरीकडे बघत होते.
डबीत दुसरा जेट होता, कुठल्याशा भंगार फियाटचा.
तो लावला.
वर पोचेपर्यंत कुणी बोललं नाही,
मीसुद्धा.

आठ दिवसांनी ते प्लग दाखवायला आले.
कळण्याच्या भाकरीचा रंग, चारही.
वहीत ॲव्हरेज खाली आलं होतं,
तो आकडा लाल शाईत.
शेजारी पेन्सिलीनं, बारीक:
घाट, एका दमात.

त्या पांढऱ्यांपैकी एक मी ठेवून घेतला.
आता शेड माझी आहे,
नवं पोरगं कामाला आलं की हातावर ठेवतो.
सगळे तेच म्हणतात,
किती स्वच्छ.